पुजलेले प्लग

भोरच्या पेठेत सगुणाबाईला दोन नावं होती. तोंडावर सगुणाबाई, आणि पाठ वळली की ‘लॉरीवाली बया’. हे दुसरं नाव तिला ठाऊक नव्हतं असं कुणी समजत असेल तर तो खुळा. चांगलं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर तेच तिला जास्त आवडायचं. नवरा गेलेल्या बाईला लोक काय काय म्हणतात, त्या मानानं हे नाव सोन्यासारखं म्हणायचं.

नवरा सावळाराम. दीड वर्षापूर्वी तापानं गेला. मागं ठेवलं काय, तर एक लॉरी, ती चालवणारा जलाल, आणि संस्थानच्या हद्दीत माल वाहायचा परवाना. लॉरी अमेरिकन बनावटीची, पण आता अमेरिकेनंही ओळखली नसती. मैलाचा काटा एकदा नव्व्याण्णव हजारांपर्यंत जाऊन पुन्हा शून्यावर आला होता आणि दुसऱ्या खेपेला चाळीस हजार ओलांडून पुढं निघाला होता. डाव्या बाजूचं दार सुंभानं बांधलेलं. पत्रा असा वाजायचा की दोन मैलांवरून गुरं आपणहून बाजूला व्हायची. पण इंजन? इंजनाला नाव ठेवायची कुणाची टाप नव्हती. आणि त्याचं कारण सगुणाबाईच्या चुलीत होतं.

लॉरीच्या इंजनात सहा प्लग असायचे. प्लग म्हणजे बोटाएवढी वस्तू. वर पांढऱ्या चिनीमातीची मान, खाली लोखंड, आणि टोकाला नखाएवढी फट. त्या फटीत ठिणगी उडते, ठिणगीनं पेट्रोल पेटतं आणि लॉरी पळते. ठिणगी चुकली की मग तो नुसता लोखंडाचा धोंडा, बैल जुंपून ओढा. अवसेला गाडी रस्त्यावर काढायची नाही असा मोटारवाल्यांचा शिरस्ता होता, म्हणून दर अवसेला सावळाराम सहाही प्लग काढून घरी आणायचा. सगुणाबाईच्या भाकरी झाल्या की ते निखाऱ्यात ठेवायचा, काजळी जाळायचा, आणि ती तारेच्या ब्रशानं घासून द्यायची. फटीत अंगठ्याचं नख अडकून बसलं तर फट बरोबर. नख सैल फिरलं तर प्लग झिजला. बारा वर्षं तिनं हे केलं. त्यात तिला प्लगाचा रंग वाचायला आला. खरपूस भाकरीसारखा तांबूस दिसला तर इंजन खुशाल आहे. काळाकुट्ट दिसला तर तेल वर येतंय. पांढराफटक पडला तर इंजन तापतंय.

“प्लग मैलावर बदलायचा न्हाई, रंगावर बदलायचा,” सावळाराम म्हणायचा. आणि पुढं म्हणायचा, “आन् चिनीमाती कोरडी खडखडीत पाहिजे. ठिणगीला वाट दिसली की ती पळून जाती.”

आता साल त्रेचाळीसचं. लढाईमुळं पेट्रोल चिठ्ठीवर, टायर देवाच्या नावावर, आणि नवा प्लग तर डोळ्यांनी बघायला मिळत नव्हता. पण सावळाराम हुशार गडी. लढाई पेटायच्या आधीच त्यानं पुण्याहून सहा नवे प्लग आणून, तेलकट कागदात गुंडाळून, तांदळाच्या कणगीत पुरून ठेवले होते. वेळेला असावेत म्हणून. ती वेळ कधीची, हे मात्र सांगायला तो राहिला नाही.

आणि मग मानसिंगानं अर्ज केला. मानसिंग तिचा दीर, भिंतीला भिंत लागून घर. बाईमाणसाच्या नावावर लॉरीचा परवाना शोभत नाही, लॉरीही थकलेली आहे, तरी परवाना आपल्या नावे करावा, असं त्यानं दरबारात लिहून दिलं. वर तिला गोड बोलून सांगितलं, “वैनी, तुमी कशाला वणवण करता? घरात बसा. दोन टायमाचं ताट आमी वाढू.”

ते ताट सगुणाबाईनं पाहिलं होतं. तिच्या मावशीला असंच ताट मिळायचं, कोपऱ्यात, सगळ्यांचं झाल्यावर, आणि वाढणारीची नजर त्या ताटातच असायची. मावशी वीस वर्षं मान खाली घालून जेवली. सगुणाबाईनं तेव्हाच ठरवलं होतं, उपाशी मरीन पण त्या ताटावर बसायची नाही.

दरबारचा निकाल सरळ होता. दसऱ्यानंतरच्या एकादशीला मोटारींचा साहेब स्वतः लॉरीत बसणार. वेल्ह्याहून हळव्या भाताच्या तीस गोण्या भरायच्या, मधली चढण लॉरीनं आपल्या बळावर चढायची, आणि माल किकवीला उतरवायचा. चढली तर परवाना सगुणाबाईचा. नाही चढली तर मानसिंगाचा. परवाना गेल्यावर लॉरीत कोंबड्या कोंडायच्या, दुसरा काय उपयोग!

सर्वपित्री अवसेला तिनं आणि जलालनं प्लग काढले. जलाल पन्नाशीचा, भोरच्याच मोमीन आळीतला, सावळारामचा जिवाभावाचा. सगुणाबाईनं सहा प्लग परातीत मांडले, एकेक उजेडात धरला, नख घालून बघितलं.

“पाच झकास हायेत,” ती म्हणाली. “ह्यो तिसरा तेवढा काळा पडलाय, आन् फट बी सैल. दसऱ्याला तिसरा बदलू. बाकीच्यास्नी हात लावू नका.”

“आक्का,” जलाल म्हणाला, “पाच काय आन् सहा काय. कणगीत नवे पडलेत, आन् एवढा मोठा दिवस हाय. समदेच घालू की!”

“मोठा दिवस आपल्याला. प्लगाला काय त्याचं? चालत्या गाड्याला खीळ घालू नये, जलालभाई.”

ती या बोलण्यावर ठाम राहिली असती तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण अष्टमीला मानसिंग ओट्यावर बसून चार लोकांत म्हणाला, “वैनी जुन्याच प्लगावर जाणार म्हनं. चढणीवर बंद पडली की मग बाईच्या अकलेला नाव ठेवू नका!” लोक हसले. सगुणाबाई आत पीठ चाळत होती. तिला हसू ऐकू आलं, आणि ती भ्याली. भीती लई वाईट. बारा वर्षांचं शहाणपण एका हसण्यानं पळवून लावते. संध्याकाळी तिनं कणगीत हात घातला आणि सहाही नवे प्लग जलालच्या हातावर ठेवले.

“घाला समदे,” ती म्हणाली. “पर जुने पाच फेकू नका. फडक्यात बांधून लॉरीत ठिवा.”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. हत्यारांची पूजा. अंगणात पाट मांडला, त्यावर हँडल, जॅक, पाने, आणि ताम्हणात सहा कोरे प्लग. पूजा करायची मानसिंगाच्या बायकोनं, चंद्राबाईनं, कारण घरातली सवाशीण ती. सगुणाबाईनं दाराच्या आत उभं राहायचं, तिथून चंद्राबाईची पाठ तेवढी दिसायची. कुंकवाच्या ताटाजवळ तिनं जायचं नाही, हे तिला कुणी सांगायलाही लागत नव्हतं. दीड वर्षात पाय आपोआप उंबऱ्यावर थांबायला शिकले होते.

चंद्राबाई मनानं साधी. त्या पांढऱ्या शुभ्र चिनीमातीच्या माना बघून ती हरखलीच. एकेका मानेवर तिनं हळदीचं ओलं बोट ओढलं, त्यावर कुंकवाचं ओलं बोट ओढलं, हात आखडता न घेता. “बाळसं धरल्यावानी दिसतात बाई!” म्हणाली. दसऱ्याच्या सकाळी शकुनाच्या वेळी विधवा आडवी येऊ नये, म्हणून सगुणाबाई आतच थांबली. ती बाहेर आली तेव्हा प्लग बसवून झाले होते आणि इंजनाचं झाकण बंद होतं. जलालनं ते फार जपून बसवले होते. कुंकवाला धक्का लागू दिला नव्हता.

रिकामी लॉरी वेल्ह्याच्या वाटेला लोण्यासारखी गेली. सगुणाबाईला वाटलं, बरं झालं बाई, ऐकलं लोकांचं.

एकादशीची सकाळ. वेल्ह्यात धुकं असं की बैलाची शिंगं दिसत होती आणि बैल दिसत नव्हता. पासली गावाकडून रात्रीच आलेल्या गोण्या भरल्या. साहेब आले, किडकिडीत, चष्म्याचे, हातात घड्याळ. ते जलालशेजारी बसले. मानसिंग आणि सगुणाबाई मागं गोण्यांवर, एकमेकांकडं पाठ करून.

त्या वाटेवरच्या चढणीला लोक ‘सासूची चढण’ म्हणायचे, कारण संपली संपली म्हणेपर्यंत पुन्हा सुरू व्हायची. पहिलं वळण लॉरीनं घेतलं. दुसरं घेतलं. तिसऱ्याला इंजनावर खरा भार आला आणि एकदम खाड-खाड-फट्! लॉरीनं आचके दिले, दोन हात पुढं गेली, चार हात मागं आली. जलालनं ब्रेक दाबून धरला. सगुणाबाईनं खाली उडी टाकून चाकामागं धोंडा लावला, तो मानसिंग हलायच्याही आधी.

“बघा साहेब!” मानसिंग खुशीत खाली उतरला. “नवे कोरे प्लग हायेत बरं का आतमदी. तरी बंद! म्हंजी रोग प्लगात न्हाई, इंजनच म्येलं. म्या काय येगळं म्हणत व्हतो?”

साहेबांना ते पटल्यासारखं दिसलं. “बाई, तुमच्या दिरांचं म्हणणं बरोबर वाटतं,” ते म्हणाले. “प्लग नवे, तरी गाडी उचलत नाही.”

सगुणाबाईच्या डोळ्यांपुढं ते कोपऱ्यातलं ताट आलं. मग तिला राग आला, आणि खरं तर तो स्वतःचाच आला. परवापर्यंत हीच लॉरी जुन्या प्लगांवर हीच चढण चढत होती. इंजन दोन दिवसांत मरत नाही. दोन दिवसांत बदललं काय? प्लग बदलले.

“साहेब, मला येळ द्या,” ती म्हणाली. “लांबून बघून मेलं म्हणत्यात ते माणसाला. इंजनाला उघडून बघायचं असतं.”

साहेबांनी घड्याळ बघितलं. “वीस मिनिटं. पुढं मला किकवीची माणसं खोळंबलीत.”

“जलालभाई, इंजन पुन्यांदा चालू करा. पाय दाबा जरा.” तिनं झाकण उचललं, वाकली, आणि कान दिला. आचक्यांच्या आवाजाखाली एक बारीक आवाज होता, टिक्, टिक्, टिक्. तिनं झाकणाच्या सावलीत डोळे बारीक केले. दुसऱ्या प्लगाच्या मानेवर कुंकवाचा लाल पट्टा होता, धुक्यानं ओलसर, आणि त्या पट्ट्यावरून निळी ठिणगी सुरसुर खाली लोखंडात पळत होती. चौथ्यावर तेच. पाचव्यावर तेच. सपाटीला भार नसतो, ठिणगीला आतली फट ओलांडता येते. चढणीला आत जोर लागतो, आणि बाहेर अशी ओली वाट मिळाल्यावर ठिणगी कशाला आत मरायला जाईल?

“अगं बया बया!” ती ओरडली. “कुंकू लावलंय हितं! जलालभाई, बंद करा इंजन. बघा, तुमीच बघा!”

जलालनं वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारला. “या अल्ला. म्याच बसवले की ह्ये.”

“पुसा मग. कोरडं करा.”

जलालचा हात पुढं आला आणि तिथंच थांबला. त्यानं हळूच मानसिंगाकडं बघितलं, मग साहेबांकडं. “आक्का,” तो खालच्या आवाजात म्हणाला, “पुजंचं कुंकू हाय. म्या मुसलमान. म्या पुसलं आन् उद्या पेठेत कुनी त्याचं भलतंच केलं तर? तुमी सांगाल ते करीन, पर ह्ये नगा सांगू.”

त्याचं काही चुकलं नव्हतं. ती मानसिंगाकडं वळली. “भावजी, तुमी पुसा.”

“म्या?” मानसिंग दोन पावलं मागं सरला. “पुजलेल्या हत्याराचं कुंकू पुसू? वैनी, येडबिड लागलंय काय? सवाशिणीनं लावल्यालं कुंकू हाय त्ये. दसऱ्याच्या आठवड्यात! साहेब, आसला अपशकुन आमच्या सात पिढ्यांत कुनी केला न्हाई.”

साहेब घड्याळाकडं बघत राहिले.

सगुणाबाईनं जलालचं फडकं उचललं. तेलानं चिंब. त्यानं पुसलं तर आणखी लडबड. कोरडं फडकं पाहिजे होतं, सुती, स्वच्छ. तिनं आपल्या अंगावर बघितलं. पांढुरकं लुगडं, काठसुद्धा नाही. खांद्यावरून तिनं पदर ओढला आणि त्याचं टोक मुठीत धरलं.

“वैनी! आवं हात नगा लावू! तुमी तर...” मानसिंग म्हणाला, आणि पुढचा शब्द त्यानं गिळला.

“बोला की! गिळता कशाला? म्या रांडमुंड, आसंच ना?” आता तिचा आवाज चढला आणि डोंगरानं तो परत पाठवला. “तवा माजं कुंकू पुसायला सा बाया आल्या व्हत्या, भावजी. धरून पुसलं. म्या नगं नगं म्हणत व्हते, तर कुनी इचारलं न्हाई शकुन हाय का अपशकुन. आन् आता ह्या लोखंडाचं कुंकू पुसायला तुमचा हात थरथरतोय व्हय? सरका बाजूला!”

मानसिंग सरकला. जाईल कुठं!

तिनं तारा ओढून काढल्या आणि एकेक मान पदरात धरून पुसली. प्लग तापलेले होते, पदरातून चटके बसत होते. तिनं हात मागं घेतला नाही. चिनीमाती दातासारखी पांढरी दिसेपर्यंत घासली, वरून कोरड्या टोकानं पुन्हा पुसली, बोट फिरवून बघितलं. एक, दोन, तीन, सहाही. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते तिनं पदराला पुसलं नाही, चिनीमाती पुन्हा ओली होईल म्हणून. दंडाला पुसलं. तारा जागच्या जागी बसवल्या आणि झाकण धाडकन् खाली टाकलं.

“मारा हँडल!”

जलालनं हँडल मारलं. पहिल्याच फेऱ्याला इंजनानं जीव धरला, आणि सहाच्या सहा एका सुरात बोलायला लागले. सगुणाबाईला तो सूर बारा वर्षं ओळखीचा होता. तिनं धोंडा काढला आणि चढून गोण्यांवर बसली.

“या भावजी, बसा.”

“म्या न्हाई बसणार त्या गाडीत,” मानसिंग म्हणाला. “अपशकुनी गाडी हाय ती.”

“मग या चालत!”

तीस गोण्या घेऊन लॉरी सासूची चढण चढली. तिसरं वळण, चौथं वळण, पाचवं. एकदाही आचका नाही. वरच्या खिंडीत धुकं फाटलं होतं आणि ऊन पडलं होतं. मागं वळून बघितलं तर खाली दूर मानसिंगाचं पागोटं तेवढं दिसत होतं, हळूहळू वर येणारं. साहेब थांबा म्हणाले नाहीत.

किकवीला गोण्या उतरल्यावर साहेबांनी लॉरीच्या फळीवर कागद ठेवून परवाना कायम केला. मग चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं. “बंद पडण्याचं कारण लिहावं लागेल, बाई. काय लिहू?”

“लिवा, पूजा झाली म्हून बंद पडली,” सगुणाबाई म्हणाली. “आन् पुसली म्हून चढली.”

साहेबांनी तसं लिहिलं नाही. ‘किरकोळ बिघाड, मालकिणीने जागेवर दुरुस्त केला’ असं लिहिलं. मालकिणीने. तो शब्द तिनं जलालकडून दोनदा वाचून घेतला.

घरी परतायच्या आधी तिनं रस्त्याकडेलाच पाच नवे प्लग काढायला लावले आणि फडक्यातले जुने पाच पुन्हा बसवले. तिसरा तेवढा नवा राहिला. जलाल पाना फिरवता फिरवता हसत होता. “आक्का, मग ह्ये पाच कधी घालायचे? सांगून ठिवा, म्हंजी पुन्यांदा वाद नगं.”

“रंग सांगंल तवा,” ती म्हणाली. “मैल सांगून न्हाई, सण सांगून न्हाई, आन् आमचे भावजी सांगून तर मुळीच न्हाई.”

भोरात लॉरी शिरली तेव्हा पेठ भरलेली होती. सगुणाबाई चौकातच उतरली. तेव्हा लोकांचं लक्ष गेलं. तिच्या पांढऱ्या पदरावर लालभडक कुंकू, हाताएवढे डाग, सहा ठिकाणी. पाण्याला निघालेल्या बायकांनी हंडे खाली ठेवले. चंद्राबाई दारातून धावत आली, तिनं पदर बघितला आणि तिचं तोंड पांढरं पडलं.

“जाऊबाई, ह्ये काय? कुंकू? तुमच्या पदराला? आधी आत चला, मागल्या दारानं. लोक बघत्यात. म्या धुऊन देते कुनी काय बोलायच्या आत.”

सगुणाबाईनं तिचा हात प्रेमानंच बाजूला केला. तो पदर तिनं डोक्यावरून घेतला, डाग वर येतील असा. मग मुठीतले पाच प्लग सांभाळत पेठेच्या मधून, पुढच्या दारानं, आपल्या घरात गेली आणि कणगीचं झाकण उघडलं.

ते लुगडं ती पुढं कितीतरी दिवस नेसली. कुंकवाचे डाग तिनं धुतले नाहीत.